डोक्यातल्या डायलॉगमधला ‘च’ : आठ सेशननंतर काउन्सेलिंगचा रिव्ह्यू

मी मराठी डेली सोपचे डायलॉग लिहिते, ११ वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर काउन्सेलिंग सुरू केलं, ८ सेशन ठरली होती ती मार्चमध्ये संपली, आता महिन्यातून एकदा जाते. आमच्या लाइनमधली बरीच मंडळी मला बाजूला घेऊन विचारतात की खरंच काही फरक पडतो का, किती पैसे जातात, गोळ्या देतात का, लिहिण्यावर परिणाम होतो का... प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढते. माझ्या काउन्सेलर मॅडमची प्रॅक्टिस छोटी आहे, एकट्याच बघतात, आणि माझं नाव कुठे टाकू नको असं त्यांनी सांगितलंय म्हणून नाव देत नाही. पण पद्धतीचं नाव देते, विवेकनिष्ठ उपचारपद्धती, इंग्रजीत आरईबीटी म्हणतात. ही पद्धत वापरणारे आणि मराठीत बोलणारे काउन्सेलर मुंबई, ठाणे, पुण्यात आहेत, आणि मराठीत बोलता येणं माझ्यासाठी किती महत्त्वाचं ठरलं ते पुढे सांगते.

आधी माझी अवस्था काय होती ते. डेली म्हणजे आठवड्याला ६ एपिसोड, कधी महाएपिसोड लागला की त्याहून जास्त. कथावाला ट्रॅक देतो, स्क्रीनप्लेवाला सीन पाडून पाठवतो आणि माझ्यापर्यंत येईपर्यंत संध्याकाळ झालेली असते, सकाळी ७ च्या शिफ्टला सेटवर पानं लागतात. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार असलेले एपिसोड, असली तर श्वास घेता येतो, बँक संपली की आज लिहिलेलं उद्या शूट आणि परवा टेलिकास्ट. रात्री साडेअकराला चॅनलकडून चेंजेस येतात. दर गुरुवारी रेटिंग येतं आणि त्या दिवशी दुपारपर्यंत कोणी कोणाशी धड बोलत नाही. हे सगळं मला सवयीचं होतं, इतकी वर्षं केलंच की.

मोडले ते एका सीनवरून. मालिकेत नायिकेचे वडील जातात आणि तेराव्यानंतर आई आणि मुलगी कपाट आवरायला बसतात असा सीन होता. माझे बाबा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात आम्हाला डोंबिवली ते सीएसटीचं जुनं रिटर्न तिकीट सापडलं होतं, ते मी त्या सीनमध्ये घातलं. त्यात कोणीच रडत नाही, आई फक्त विचारते, ‘रिटर्न होतं का गं?’ एवढंच. मीटिंगमध्ये पाच मिनिटांत सांगितलं गेलं की सीन वर्क होत नाहीये, इमोशन दिसत नाहीये, मुलीला फोटोसमोर रडू दे आणि तिकीट काढून टाक. मी हो म्हटलं, व्हिडिओ बंद केला, ४० मिनिटांत फोटोसमोरचं रडणं लिहून पाठवलं. आणि त्यानंतर तीन आठवडे मला धड एक ओळ सुचली नाही. म्हणजे काम जात होतं, जुने सीन उलटसुलट करून पाठवत होते, पण फाइल उघडली की पोटात गोळा यायचा. पहाटे तीनला जाग यायची ती पाचपर्यंत. मग महिनाभरात मालिकाच बंद व्हायचं ठरलं, १५ दिवसांची मुदत मिळाली, आणि शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे अजून यायचे होते कारण आमच्याकडे ९० दिवसांनी पेमेंट ही जुनी पद्धत आहे.

त्याच सुमाराला माझ्या एका मैत्रिणीला, जिच्याबरोबर कॉलेजात एकांकिका केल्या, तिला मोठा सिनेमा मिळाला. ग्रुपवर सगळ्यांचे अभिनंदनचे मेसेज पडत होते आणि मला तो एक शब्द टाइप करायला दोन दिवस लागले. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे ती. त्या दोन दिवसांत मला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तेव्हा ठरवलं की आता कोणाकडे तरी जायचं.

पहिला प्रयत्न फसला. एका ऑनलाइन अ‍ॅपवर तीन सेशनचं पॅकेज घेतलं, प्रत्येक वेळी वेगळी व्यक्ती यायची, इंग्रजीत बोलायची, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. मला इंग्रजी येतं, प्रश्न तो नाही. पण ‘जीव लागत नाहीये’ हे मी इंग्रजीत कसं सांगू? ‘कोणाला तोंड दाखवू नये असं वाटतंय’ याचं भाषांतर मी कॅमेऱ्यासमोर बसून करत होते आणि भाषांतर करता करता रडू आत जायचं. तिसऱ्या सेशनला मला रोज झोपताना तीन चांगल्या गोष्टी लिहा म्हणून सांगितलं. कुणाला उपयोग होतही असेल, मला तेव्हा तो धक्का वाटला, कारण माझं ऐकूनच घेतलं नव्हतं.

मधल्या एका रात्री फारच वाईट वाटत होतं तेव्हा १४४१६ ला फोन केला. टेली मानस, सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, २४ तास चालते. भाषा निवडता येते, मी मराठी निवडली. पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं, घरात आत्ता कोण आहे, जेवलात का, जिवाचं काही बरंवाईट करायचे विचार येतायत का असं सरळ विचारलं, आणि त्या सरळ विचारण्यानंच मला हलकं वाटलं. हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आपल्यातल्या प्रत्येकानं. रात्री अडीचला मित्राला उठवायचा संकोच वाटतो, इथे तो नसतो.

मग एका नाटकवाल्या दादांनी दादरच्या मॅडमचा नंबर दिला. दादर वेस्ट, स्टेशनपासून चालत आठ-दहा मिनिटं, छबिलदास शाळेच्या बाजूनंच रस्ता जातो. तिथून जाताना मला दर वेळी वाटायचं की ७० च्या दशकात याच शाळेच्या हॉलमध्ये लोक प्रायोगिक नाटकं करत होते, त्यांची किती नाटकं पडली असतील, ती माणसं रात्री घरी जाऊन काय करत असतील. जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. आतली खोली छोटी, दोन वेताच्या खुर्च्या, एक टेबल, खिडकीत तुळस. पहिल्या दिवशी मॅडम मला तुम्ही म्हणत होत्या, तिसऱ्या सेशनला तू वर आल्या, आणि मला ते बरं वाटलं.

पहिल्या सेशनमध्ये त्यांनी फक्त ऐकलं आणि शेवटी म्हणाल्या की पुढच्या वेळी एक वही घेऊन या, साधी २०० पानी, आणि त्यात सीन रिजेक्ट झाल्यावर डोक्यात जे वाक्य येतं ते जसंच्या तसं लिहा, सुधारू नका, डायलॉगरायटरसारखं लिहू नका. मी लिहून नेलं. अजून ते पान आहे माझ्याकडे. लिहिलं होतं, ‘माझा सीन पहिल्याच ड्राफ्टला पास व्हायलाच पाहिजे. इतकी वर्षं काम केलंय तर लोकांनी मला मानायलाच हवं. नाही मानलं तर मी संपलेच.’

मॅडमनी लाल पेन काढलं आणि तीन गोल केले. व्हायलाच, मानायलाच, संपलेच. ‘पहिल्याच’ मधल्या ‘च’ ला हात लावला नाही. मी विचारलं हा का सोडला, तर म्हणाल्या, ‘तो नुसता जोर देतोय. हे तिघं हुकूम सोडतायत.’ मग म्हणाल्या, ‘आता तिन्ही वाक्यं ‘च’ काढून वाचा.’ मी वाचलं. सीन पास व्हायला पाहिजे. लोकांनी मला मानायला हवं. नाही मानलं तर मी संपले. पहिली दोन वाक्यं साधी इच्छा झाली, कोणालाही असेल अशी. तिसरं वाक्य मात्र ‘च’ काढूनही तसंच राहिलं, आणि मॅडम म्हणाल्या की बरोबर, याचं काम वेगळं आहे, तिथे वेळ लागेल.

मी दिवसाला २०-२५ पानं डायलॉग लिहिणारी बाई, कुठल्या पात्राच्या तोंडी कुठला शब्द जड होतोय ते मला वाचता वाचता कळतं, आणि माझ्याच डोक्यात अकरा वर्षं चाललेले डायलॉग मी कधी तपासलेच नव्हते. म्हणून म्हणते, हे मराठीत झालं ते महत्त्वाचं. इंग्रजीत हा ‘च’ सापडलाच नसता.

पद्धतीबद्दल थोडं, कारण लोक विचारतात. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ मध्ये ही मांडली, मराठीत ती आणण्यात कि. मो. फडक्यांचा मोठा वाटा आहे, त्यांचा एलिसशी पत्रव्यवहारही होता. ढोबळमानानं असं, की ‘अ’ म्हणजे घडलेली घटना, ‘क’ म्हणजे आपल्याला होणारा त्रास, आणि आपल्याला वाटतं ‘अ’ मुळे ‘क’ झालं, पण मध्ये ‘ब’ असतो, म्हणजे त्या घटनेबद्दल आपण स्वतःला काय सांगतो ते. सीन रिजेक्ट झाला हे ‘अ’. पोटात गोळा हे ‘क’. आणि ‘मी संपलेच’ हे ‘ब’. चॅनल काही आपल्या हातात नाही, ‘ब’ वर काम करता येतं. ऐकायला सोपं वाटतं, करायला अजिबात सोपं नाही, कारण ‘ब’ इतका झटकन येऊन जातो की पकडायलाच दोन-तीन आठवडे गेले.

एलिसबद्दल मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती मला फार धीर देऊन गेली. त्याला तरुणपणी लेखकच व्हायचं होतं, ढीगभर हस्तलिखितं लिहिली होती आणि ती छापली जात नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे १९ व्या वर्षी त्याला मुलींशी बोलायची प्रचंड भीती वाटायची, तर न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या बायकांशी बोलायचं त्यानं ठरवलं. शंभर जणींशी बोलला. एकच भेटायला तयार झाली आणि ती पण आली नाही. पण भीती गेली, कारण शंभर नकार पचवून तो जिवंत होता.

यावरून मला होमवर्क मिळालं. महिन्याभरात १० प्रॉडक्शन हाउसना नवीन कन्सेप्ट पाठवायच्या आणि मेल पाठवायच्या आधी दोनदाच वाचायचं, तिसऱ्यांदा नाही. माझी सवय वीस-वीस वेळा वाचायची होती. पहिला मेल पाठवताना हाताला घाम आला होता, खरं सांगते, पाठवून फोन उशीखाली ठेवला. १० पैकी सहांचं उत्तर नाही, तिघांनी नाही म्हटलं, एका ठिकाणी मीटिंग झाली. आधीची मी असते तर एका नकारावर महिना काढला असता. आठव्या मेलपर्यंत मी पाठवा बटण दाबून भाजी फोडणीला टाकायला गेले, आणि उत्तर आलंय का ते बघायचं संध्याकाळपर्यंत आठवलंच नाही.

‘मी संपले’ या वाक्यावर जवळजवळ तीन सेशन गेली. मॅडमनी विचारलं, तुमच्यात नाटक चाललं नाही तर काय म्हणतात? मी म्हटलं, नाटक पडलं. ‘नाटककार पडला म्हणतात का?’ नाही म्हणत. आपली भाषाच हे वेगळं ठेवते आणि मी मात्र सीन पडला की मी पडले असंच धरून चालले होते. हे सांगायला चार ओळी लागतात पण मला ते पटायला डिसेंबर अख्खा लागला, आणि अजूनही दर गुरुवारी परत करावं लागतं.

एक भीती माझ्या मनात होती आणि मला माहितीये ती बऱ्याच जणांना असते म्हणून सविस्तर लिहिते. मला वाटायचं की मी बरी झाले तर माझं लिहिणं जाईल. दुःख आहे म्हणून लिहिता येतं असं आपल्याकडे नकळत सगळ्यांनी धरलेलं असतं, कलाकार म्हणजे जळणारा, पिणारा, झोप नसलेला. हे मी चाचरत बोलले तेव्हा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नॅन्सी अँड्रिएसन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचा १९८७ चा अभ्यास सांगितला, अमेरिकेतल्या आयोवाच्या लेखन कार्यशाळेतले ३० लेखक त्यांनी तपासले होते आणि त्यातल्या ८० टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन किंवा तशा मूडच्या आजाराचा त्रास झालेला निघाला, तुलनेच्या गटात ३० टक्के. म्हणजे आपल्या लोकांना त्रास जास्त होतो हे खोटं नाही, जरी तो अभ्यास छोटा असला तरी. पण त्याच बाईंचं निरीक्षण असंही आहे की ही माणसं लिहायची ती बरी असतानाच, आजारात असताना लिहिणं बंद पडायचं. मग मॅडमनी मला एवढंच विचारलं की त्या तीन आठवड्यांत तू किती चांगले सीन लिहिलेस. एकही नाही. उत्तर माझ्याकडेच होतं.

गोळ्यांचं. काउन्सेलर गोळ्या देऊ शकत नाही, ते काम सायकिअ‍ॅट्रिस्टचं, म्हणजे डॉक्टरचं. माझी झोप सुधरेना म्हणून मॅडमनीच मला एका डॉक्टरांकडे पाठवलं, काही महिने औषध घेतलं, त्यांनीच हळूहळू कमी करून बंद केलं. स्वतःच्या मनानं सुरू पण करू नका आणि बंद पण करू नका. आणि कोणाकडेही जायच्या आधी शिक्षण विचारा, यात लाजायचं काही नाही. कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर त्यांच्याकडे आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असतं.

आता जे पटलं नाही ते. चौथ्या सेशनला मी बाबांबद्दल बोलत होते आणि मॅडम मध्येच ‘ब’ कुठे आहे ते शोधूया म्हणाल्या. मला खूप लागलं ते. बाबा गेले याच्यात मी स्वतःला काय चुकीचं सांगतेय? ते गेले आणि मला ते हवेत, संपलं. घरी येऊन ठरवलं की परत जायचं नाही. मग नवरा म्हणाला की हे त्यांनाच जाऊन सांग, तर पुढच्या वेळी सांगितलं, आणि त्यांनी मान्य केलं की घाई झाली. ते अख्खं सेशन आम्ही फक्त बाबांबद्दल बोललो, वही उघडलीच नाही. माझं मत असं की ही पद्धत कामाच्या तणावाला, नकाराला, तुलनेला जबरदस्त लागू पडते, पण दुःख ताजं असेल तर आधी कोणीतरी नुसतं जवळ बसणारं लागतं. बाकी किरकोळ म्हणजे बाहेर बसायची जागा नाही, पॅसेजमध्ये उभं राहावं लागतं आणि आतलं थोडं ऐकू येतं, ते मला अजिबात आवडलं नाही. संध्याकाळी साडेसातनंतर वेळ मिळत नाही, आमच्यासारख्यांना ते अवघड जातं.

पैसे : एका ५० मिनिटांच्या सेशनचे १५०० रुपये, म्हणजे आठचे १२,०००. काम नसताना हे जड गेलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच कव्हर नाही, त्यामुळे मला एक रुपया मिळाला नाही. परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या हॉस्पिटलांमध्ये मानसोपचार विभाग आहेत, अगदी नाममात्र पैशात होतं, रांग असते पण डॉक्टर चांगले असतात. मॅडम पण अडचण सांगितली तर हप्त्यानं घेतात.

आणि एक गोष्ट ज्यासाठी मला मॅडमबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो. थकलेल्या पेमेंटबद्दल मी रडत होते आणि मला वाटलं आता म्हणतील की यात पण तुझाच ‘च’ आहे. त्या म्हणाल्या, ‘हे तुझ्या डोक्यातलं नाही, हे तुझ्या कॉन्ट्रॅक्टमधलं आहे. वही बंद कर.’ स्क्रीनरायटर्स असोसिएशनची मेंबरशिप आहे का विचारलं. माझी होती, पण सात वर्षांत अंधेरीच्या ऑफिसात मी फक्त कन्सेप्ट रजिस्टर करण्यापुरती गेले होते. तिथे वाद सोडवायची कमिटी आहे हे माहीत असूनही कधी डोक्यात आलं नाही, कारण मला वाटायचं की तक्रार केली तर काम मिळणार नाही. गेले, कागद दाखवले, पत्र कसं लिहायचं ते समजून घेतलं. तीनपैकी दोन महिन्यांचे पैसे आलेत, तिसऱ्याचं चालू आहे. सगळा त्रास मनाचा असतो असं म्हणणारा काउन्सेलर भेटला तर उठून या, आपल्या धंद्यात निम्मा त्रास तारखांचा आणि पैशांचा असतो.

मैत्रिणीचं सांगायचं राहिलं. सहाव्या सेशननंतर मी तिला भेटायला बोलावलं आणि ते दोन दिवस सांगून टाकले. ती गप्प बसली, मग म्हणाली की माझ्या मालिकेला रेटिंग होतं तेव्हा ती मला फोन करायचं टाळायची. आम्ही दोघी प्लाझा थिएटरसमोर उभ्या राहून रडलो.

५ पैकी ४ देईन. एक स्टार त्या पॅसेजचा आणि चौथ्या सेशनचा कापला. निदान ५-६ वेळा जायची तयारी असेल तरच जा, दोनदा जाऊन सोडलं तर फक्त जखम उघडी पडते असं मला वाटतं. वही स्वतःची न्या आणि तीच आठही वेळा वापरा.

सध्या नवीन मालिका चालू आहे, गुरुवार येतो आणि जातो, पहिला अर्धा तास अजून छातीत धडधडतं. कपाट आवरायचा तो सीन मी वहीच्या मागच्या बाजूनं परत लिहायला घेतलाय, एकांकिका म्हणून, दोनच पात्रं, आई आणि मुलगी. तिकीट ठेवलंय. परवा रात्रीपर्यंत ११ पानं झालीत आणि आईनं अजून तो प्रश्न विचारलेला नाही.